बाळंतपणाचं शिकवता का?

आबा,

तुमचं तेरावं झालं. भेटायला येणारी माणसं आता कमी झालीत. जो येतो तो ओट्यावर टेकतो, पाणी पितो आणि तुमच्या जीपच्याच गोष्टी काढतो. माळशेजच्या धुक्यात पुढचं काही दिसत नसताना तुम्ही गाडी कशी चालवायचात, मढहून ओतूरला किती आजारी माणसं पोचवलीत, एकदा ब्रेक गेल्यावर जीप कशी डोंगराच्या अंगाला घासून उभी केलीत. परवा वरच्या वाडीचा एक म्हातारा म्हणाला, "लई धीराचा गडी व्हता. भ्या म्हून माहीत नव्हतं त्याला." आईंनी पदर डोळ्याला लावला. मी मान हलवली.

पण मला माहीत होतं. तुम्ही फार भित्रे होतात, आबा. मीही तशीच. तुम्ही माझे सासरे, मी तुमची सून, एकमेकांसमोर बसून मोकळं बोलायची आपल्यात रीत नाही. तरी या घरात एकमेकांची भीती ओळखणारी माणसं आपण दोघंच होतो. तुमची भीती कशाची होती तेही मला ठाऊक होतं. त्यावर आपण एकदाच बोललो, पुण्याच्या एस.टी. स्टँडवर, भांडलो म्हणा हवं तर. ते भांडण अर्धंच राहिलं. आज ते पुढं न्यायला बसलेय.

त्याआधी ती श्रावणातली सकाळ सांगावी लागेल. इतक्या वर्षांत घरात तिचं नाव कुणी काढलं नाही.

मला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून येत्या रविवारी निरगुडसरला जायचं ठरलं होतं. आईंनी माझी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. माझे मालक भोसरीला कंपनीत, पहिल्या पाळीला. आणि उजाडता उजाडता माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. तुम्ही काही विचारलं नाहीत. जीप दाराशी आणलीत, मागच्या सीटवर गोधडी टाकलीत आणि आईंना म्हणालात, "बस लौकर."

धुकं असं होतं की रस्त्याकडेची झाडं जवळ आल्यावरच दिसायची. धरणाचं पाणी लागलं तिथल्या वळणावर मी ओरडले की आता नाही थांबत. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, खाली उतरलात आणि आमच्याकडं पाठ करून पाण्याकडं तोंड करून उभे राहिलात. मुलगी झाली. ती रडली नाही.

आईंनी तिला हलवून पाहिलं. "अवं, हिकडं या," त्यांनी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात. त्या वेळी कसली लाज, कसली रीत. तुम्ही तिला दोन्ही हातांत घेतलंत, उपरण्यानं तोंड पुसलंत, पालथी धरून पाठीवर हलक्या हातानं थापटलंत. परत सरळ केलीत. तिच्याकडं बघत राहिलात. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, कारण बाळाकडं बघायचा मला धीर नव्हता.

"गेली," तुम्ही म्हणालात.

तिला उपरण्यात गुंडाळून आईंच्या मांडीवर ठेवलंत आणि ओतूरपर्यंत गाडी चालवलीत. त्यानंतर त्या वळणावर आलं की तुमचं बोलणं तुटायचं. गाडीत दहा माणसं बसलेली असोत, चांगला हशा चाललेला असो, तेवढा पल्ला तुम्ही गप्प. पुढं गेल्यावर परत सुरू. गाडीतल्या शिटांना वाटायचं, वळण अवघड आहे.

पुढं ओंकार झाला. त्या वेळी मी महिनाभर आधीच ओतूरला जाऊन राहिले, दवाखान्याच्या समोरच खोली घेऊन. तुमचाच हट्ट होता तो. ओंकार शाळेत जायला लागल्यावर त्याच दवाखान्यात मी कामाला लागले. बारावी सायन्स झालेली, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. केसपेपर लिहायचे, ड्रेसिंगला हाताखाली उभं राहायचं. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "सुमन, आता अॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसांचे कोर्स निघालेत. नुसता ड्रायव्हर नाही, पेशंटजवळ बसून उपचार करणारा माणूस. तू कर."

तेव्हा आपल्याकडं जी ती मुलगी डी.एड.ला निघालेली. बाई होऊन शाळेत शिकवणं याच्यापलीकडं बाईमाणसाला नोकरी असते, असं कुणाला वाटत नव्हतं. मी घरी सांगितलं तेव्हा मालक म्हणाले, "तुला झेपणार असंल तर बघ." आई म्हणाल्या, "आबांला इचार."

तुम्ही जीप धूत होतात. ऐकून घेतलंत, फडकं पिळलंत आणि म्हणालात, "कोर्स बघाय मी येतो संगं. बैल काय कुणाच्या सांगण्यावरनं घेतो का आपण? दात बघतो, चालवून बघतो."

मला हसू आलं होतं. तुम्ही शिकलेले चौथीपर्यंत. पण सासरा आपल्या सुनेसाठी कोर्स बघायला निघालाय, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की त्या रात्री मी माहेरी फोन करून सांगितलं.

पहिल्यांदा आपण मंचरला गेलो. तिथला कोर्स काही महिन्यांचा. जागा स्वच्छ, शिकवणारे सर अदबीनं बोलणारे. त्यांनी आपल्याला सगळं फिरवून दाखवलं. मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची, भाजलेल्याला काय करायचं, आग लागली तर काय. कोर्स करून गेलेली मुलं चाकणच्या कारखान्यांत लागतात, म्हणाले. तुम्ही टोपी मांडीवर ठेवून ऐकत होतात. सरांनी विचारलं, "काही शंका?"

तुम्ही टोपीकडं बघत म्हणालात, "बाळंतपणाचं शिकवता का?"

माझं तोंड लालेलाल झालं. आपल्या गावात सासरा सुनेसमोर 'दिवस गेलेत' एवढंसुद्धा बोलत नाही. सरही क्षणभर गडबडले. "नाही काका, ते नर्सिंगवाल्यांचं काम. आमच्याकडं नाही."

"बरं, बरं," तुम्ही म्हणालात. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलात.

मग पुण्याचा कोर्स. तो वर्षभराचा, एका मोठ्या इस्पितळाला जोडलेला. तिथं कुणी फिरवून दाखवलं नाही. बाकड्यावर बसवून ठेवलं. समोरच्या दारातून स्ट्रेचर येत-जात होते. एका माणसाच्या पँटचा पाय रक्तानं चिकटलेला, आणि त्याच्याबरोबरची बाई चप्पल हातात घेऊन पळत होती. मी मनात म्हणत होते की हे नको, मंचरचंच बरं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी मला एकच विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का?"

"भीती वाटते," मी म्हणाले. "चक्कर नाही येत."

"ठीक आहे." त्यांनी वर्षभरात काय काय असतं ते सांगितलं. कॅज्युअल्टी, आयसीयू, अॅम्ब्युलन्सवर ड्युट्या. मग त्या तुमच्याकडं वळल्या. तुम्ही तोच प्रश्न विचारलात. तसेच टोपीकडं बघत.

मॅडम गडबडल्या नाहीत. "शिकवतो. लेबर रूमला पोस्टिंगच असतं. बाई अडली, गाडीतच मोकळी झाली, तर दुसरं कोण करणार? बाळ रडलं नाही तर काय करायचं, तेही शिकवतो."

तुम्ही उठलात. "येतो," असं काहीतरी पुटपुटलात आणि बाहेर गेलात. मी मॅडमना नमस्कार करून मागं पळाले.

शिवाजीनगरच्या स्टँडवर नारायणगावची गाडी लागायची होती. तुम्ही खांबाला टेकून उभे. मीच सुरुवात केली.

"आबा, कुठला वाटला?"

"मंचरचा. जवळ हाय. घरून जाऊन-येऊन व्हईल. पोराचं बी बघाय मिळंल."

"पण तिथं ते न्हाई शिकवत."

"काय न्हाई शिकवत?"

"तुमीच इचारलं ते."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. "न्हाई तर न्हाई. काय अडलंय त्यावाचून?"

"मग इचारलं कशाला? दोन्हीकडं इचारलंत. मला वाटलं, तुमाला ते शिकवणाराच कोर्स पायजे."

तेव्हा तुमचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "मला ते नसणारा पायजे व्हता! कळलं का? तुला परत तिथंच नेऊन उभी करू का मी? रोज एक बाई आडवी पडलेली बघायची, रोज एक बाळ..." आणि तुम्ही थांबलात.

"माझं मी बघंन की आबा. तुमी का एवढं..."

"तुझंच न्हाई ते," तुम्ही म्हणालात.

तेवढ्यात गाडी लागली आणि माणसं दाराकडं धावली. तुम्हीही धावलात, खिडकीतून टोपी टाकून जागा धरलीत. मला बसवलंत आणि स्वतः नारायणगावपर्यंत उभे राहिलात. तुझंच नाही ते, म्हणजे काय, हे मला सगळ्या प्रवासात कळलं नाही. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी तुम्हाला सांगू शकले नाही.

तुमचं ऐकून मी मंचरचा कोर्स जवळजवळ घेतलाच होता. माझी कसली जिद्द? मला तर बरंच वाटलं होतं, आबांनी नको म्हटलं, सुटले. पण त्याच आठवड्यात ओतूरच्या दवाखान्यात भर दुपारी एक जीप आली. आदिवासी वाडीवरची बाई, निम्मी मोकळी झालेली, जीपमध्येच. नवऱ्यानं माझाच हात धरला. "ताई, बघा की, बघा की हो." माझ्या अंगावर पांढरा कोट होता ना. त्याला काय माहीत की मी केसपेपर लिहिणारी. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सिस्टर आतून पळत आली, तिनं सगळं केलं, बाळ-बाळंतीण सुखरूप निघाली. नवरा जाताना मलाही पेढा देऊन गेला. तो मी सिस्टरच्या टेबलावर ठेवून आले.

मला तेव्हा समजलं की मंचरला गेले तरी ही जीप येणारच. भीती काही वाट सोडणार नाही. ती येईल तेव्हा माझ्या हातांना काहीतरी येत असावं, एवढंच माझ्याकडून होण्यासारखं आहे.

घरी येऊन मी म्हणाले, "आबा, मी पुण्याला जाते."

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "जा," म्हणालात. जायच्या दिवशी माझी ट्रंक तुम्हीच जीपमध्ये ठेवलीत. धरणाच्या वळणावर नेहमीसारखे गप्प झालात, पण त्या दिवशी वळण संपल्यावरही तुम्ही बोलला नाहीत. स्टँडवर उतरल्यावर म्हणालात, "जेवत जा येळंवर."

पुण्यातले पहिले महिने मी कसे काढले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. होस्टेलच्या पोरी माझ्याहून लहान, इंग्रजी बोलणाऱ्या. मी रोज सकाळी बाथरूममध्ये उलटी करून कॅज्युअल्टीला जायचे. पण काम समोर आलं की हात चालायचे, त्याचं मलाच नवल वाटायचं. मॅडम म्हणायच्या, "घाबर, पण उभी राहा."

मग तो तास आला. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा. मॅडमनी टेबलावर रबराचं बाळ ठेवलं. आधी कोरडं करा, म्हणाल्या, नीट पुसा, ओलं कापड टाकून द्या, कोरड्यात घ्या, गारठू देऊ नका. मान अशी ठेवा, जास्त वाकवू नका. तोंड साफ करा, मग नाक. पाठ चोळा. तरी रडलं नाही तर हा छोटा मास्क तोंडानाकावर बसवा आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबा. हळू. छाती वर येते का बघा. "हृदय चालू असतं, फक्त श्वास सुरू झालेला नसतो," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याला वाटतं, गेलं. गेलेलं नसतं. पुष्कळदा नसतं."

त्या क्षणी तुमचं स्टँडवरचं बोलणं मला कळलं, आबा. तुझंच नाही ते.

मी त्या कोर्सला गेले तर एक दिवस मला हे कळणार होतं. 'गेली' हा शब्द तुम्ही उच्चारला होता. ती खरंच गेली होती की नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. आणि इतकी वर्षं, दर वळणाला, तुम्हाला तीच भीती होती. माझ्या तोंडून कधीतरी ते ऐकावं लागेल, याची.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. माझीच गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली. आठवा महिना, जीप, धुकं, गारठा. त्यांना कळलं असावं. "सांगता येत नाही," म्हणाल्या. "आठव्या महिन्याचं बाळ, गाडीत, गारठ्यात... सगळं हाताशी असतं तर कदाचित वाचलंही असतं. कदाचित आत काही दोष असेल, तर इस्पितळातही वाचलं नसतं. कुणीच सांगू शकणार नाही. मीसुद्धा."

सुट्टीत मी घरी आले. तुम्ही समोर बसलात. "काय काय झालं शिकून?"

मी सांगत सुटले. साप चावल्यावर काय करायचं, उसात बिबट्यानं धरलेल्या माणसाची जखम कशी बांधायची, मान मोडलेल्याला कसं उचलायचं. मी बोलत होते आणि तुम्ही वाट बघत होतात. मी ते सोडून सगळं सांगितलं. सांगून संपलं तेव्हा तुम्ही "बरं झालं," म्हणालात आणि गोठ्याकडं गेलात. मी काय गाळलं ते तुम्हाला कळलं होतं. 'सांगता येत नाही' हे उत्तर घेऊन मी तुमच्यासमोर कशी उभी राहणार होते? 'नाही, वाचली नसती' म्हणावं तर खोटं. 'वाचली असती' म्हणावं तर तेही खोटं, आणि तुम्हाला जिवंतपणी मारणारं.

पुढं मला आळेफाट्याला एका ट्रस्टच्या अॅम्ब्युलन्सवर काम मिळालं. हायवेवरचे अपघात, घाटातले अपघात. माझ्या ड्युटीच्या दिवशी तुम्ही ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचात, असं आई सांगायच्या. लांबून सायरन ऐकू आला की उभे राहायचात, गाडी निघून गेली की बसायचात. जीप तर तुम्ही केव्हाच विकली होती. डोळ्यांचं कारण सांगितलं होतंत सगळ्यांना.

आणि मग ते झालं, ज्याची मला कोर्सपासून धास्ती होती. डोंगराकडच्या एका वाडीवरून बाई आणत होतो. रस्त्यातच मोकळी झाली. ड्रायव्हरला मी गाडी थांबवायला सांगितलं. बाळ निळसर, मऊ, हालचाल नाही. बाईची सासू कोपऱ्यात हात जोडून बसलेली.

तेव्हा काय झालं ते मी आजवर कुणालाच नीट सांगितलं नाही, आबा. मी त्याला पुसलं, कोरड्यात घेतलं, पाठ चोळली. काही नाही. मास्क लावला, फुगा दाबला. छाती वर आली, खाली गेली, बस्स. परत. परत. ती सासू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, गेलंय ते." माझ्याही जिभेवर तोच शब्द आला होता. अगदी ओठापर्यंत. मला तुमचं तोंड दिसत होतं. माझे हात थांबले नाहीत, ते काही मी धीराची म्हणून नाही. थांबले तर तो शब्द मला म्हणावा लागला असता, आणि त्याची मला बाळाच्या मरणाइतकीच भीती वाटत होती. मग कधीतरी त्यानं उचकी दिल्यासारखं केलं. आणि रडलं. बारीक, मांजराच्या पिलासारखं.

दुसऱ्या दिवशी मी घरी आले. तुम्ही अंगणात वाल सोलत होतात. मी थोडक्यात सांगितलं. तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"रडलं?"

"रडलं, आबा."

तुम्ही शेंग सुपात टाकलीत. मग अगदी हळू विचारलंत, "लगीच?"

मी म्हणाले, "चहा ठेवते, घेता का?" आणि आत गेले. चुलीपुढं बसून राहिले. बाहेर आले तेव्हा तुम्ही सोललेल्या वालाचं सूप तसंच ठेवून कुठंतरी निघून गेला होतात. नंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आणि आता हे.

त्या दिवशी मी आळेफाट्यालाच होते. गाडी उभी होती, कॉल नव्हता. सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं, घामानं सदरा भिजला. आईंनी मोबाईल हातात घेतला. तुम्ही तो काढून घेतलात. "सुमनच्या गाडीला बोलवू नको," म्हणालात. शेजारच्याची जीप काढायला लावलीत. ओतूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तो डॉक्टरांचा.

तुम्ही मला बोलवू दिलं नाहीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. कळलं ते परवा, तेरावं झाल्यावर, आईंकडून. मी भांडी तशीच टाकून उठले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. माझ्या गाडीत ऑक्सिजन होता, छातीच्या दुखण्यावरची गोळी होती, हृदयाचं मशीन होतं. अर्ध्या वाटेत ओतूरजवळ आपली गाठ पडली असती. ज्यासाठी पुण्याला वर्ष काढलं ते सगळं मी घेऊन बसले होते, आणि तुम्ही दुसऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर, आईंच्या मांडीवर डोकं ठेवून गेलात.

"तुमी ऐकलंत कसं त्यांचं?" मी आईंवर ओरडले.

आई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बी तेच म्हनले त्यास्नी. तर म्हनले, पोरीच्या हातात मी गेलो तर तिला म्हनावं लागंल, गेला म्हून. मला ठावं हाय ते म्हनून मागं काय व्हतं. तिच्यावर नगं ती पाळी."

त्यानंतर मी तुमच्याशी भांडू शकले नाही. पण समजूतही पटत नाही. मी ओतूरच्या डॉक्टरांना विचारलं, माझी गाडी आली असती तर? ते म्हणाले, "मोठा झटका होता. सांगता येत नाही, सुमन." तेच शब्द. आता ते मलाही मिळालेत. तुम्ही मला एका भीतीपासून वाचवायला गेलात, आणि तुमचीच भीती माझ्या पदरात टाकून गेलात. आता रात्रंदिवस मलाही 'वाचले असते का' हेच वाटत राहणार.

म्हणून, तुम्ही ऐकत असाल-नसाल, मी तुम्हाला दोन्ही उत्तरं देते. ती द्यायला मी फार घाबरले होते. एक, ते बाळ लगेच रडलं नाही. बघणाऱ्या कुणालाही ते गेलंय असंच वाटलं असतं, मलाही वाटलं होतं. दोन, आपल्या मुलीचं सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. त्या धुक्यात तुमच्याजवळ दोन हात आणि एक उपरणं होतं. त्यांनी जेवढं करता येत होतं तेवढं तुम्ही केलंत. मी तिची आई आहे आणि हे काम शिकलेली आहे, आणि मी म्हणते की माझा तुमच्यावर बोल नाही. कधीच नव्हता. हे एवढं वाक्य त्या अंगणात बोलले असते तर कदाचित तुम्ही आईंच्या हातातला फोन काढून घेतला नसता. हेही सांगता येत नाही.

तुमच्यासारखा सासरा मला मिळाला, टोपीकडं बघत का होईना, परक्या माणसांत तो प्रश्न विचारणारा, याचा मला जन्मभर अभिमान वाटेल. उद्यापासून ड्युटी आहे. फोन वाजायच्या आधीपासूनच भीती वाटतेय. पण एक गोष्ट तुमची मला मान्य नाही, आणि ती मी तशीच सोडणार नाही. तुम्ही बोलवायला हवं होतं.

मी घाबरले असते, आबा. पण आले असते.